संशोधन निधीसाठीचा नाकारलेला प्रस्ताव पुन्हा पाठवताना

परीक्षकांचे शेरे आज वाच, पण उत्तरं आठवड्याने लिही. राग ओळींत उतरतो. ‘पद्धत अस्पष्ट’ म्हटलंय ना? बहुतेकदा नमुने किती घेणार आणि तो आकडा कसा ठरवला, हेच लिहायचं राहिलेलं असतं. ते आधी भर, प्राथमिक निकालांचा एखादा आलेख जोड. बजेटमधलं महागडं उपकरण खटकलंय. पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर अशा संशोधन संस्था शेजारी असताना ते विकत कशाला? तिथल्या एखाद्या गटाशी बोल, सहकार्याचं पत्र घे. आणि जुनाच मजकूर चिकटवू नकोस. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणाऱ्या सर्ब या केंद्राच्या मंडळाची जागा एएनआरएफ या संस्थेने घेतलीय, त्यामुळे नव्या कॉलच्या (प्रस्ताव मागवणाऱ्या सूचनेच्या) अटी मुळापासून वाच. सारांश मात्र दुसऱ्या विषयातल्या कुणाला तरी दाखव. आमच्याच विषयातल्या लोकांना सगळंच सोपं वाटतं!