बोटॉक्सआधी कागद नीट करा

ताई, "महिन्यातले अठरा दिवस डोकं ठणकतं, डॉक्टर बोटॉक्स म्हणतात, सासूबाई म्हणतात हे नट्यांचं खूळ" हे तुमचं वाचलं आणि वाटलं, मीच लिहिलंय. मी डॉक्टर नाही, फक्त भोगलंय.

सुयांची धास्ती सोडा. कपाळापासून खांद्यापर्यंत 31 टोचे, एकूण 155 युनिट. भुवयांमधले तेवढे डोळ्यांत पाणी आणतात.

मला बुडवलं ते कागदाने. बिलावर नुसतं 'बोटॉक्स इंजेक्शन'. विमावाल्यांनी 'सौंदर्योपचार' म्हणून क्लेम फेटाळला. भर मे महिन्यात, दुपट्टा गुंडाळून त्यांच्या ऑफिसात गेले, तर काउंटरवरचा माणूस माझं कपाळ निरखून म्हणतो, "मॅडम, सुरकुत्या तर गेलेल्या दिसून राहिल्या!" अर्धं डोकं फुटत होतं, नाहीतर चांगलं ऐकवलं असतं. मग हे पत्र आणा, तो शिक्का आणा. पैसे सुटले की दुसरा डोस घेऊ म्हणून मी पाच महिने थांबले, आणि तीच घोडचूक. डोस दर 12 आठवड्यांनी असतो. चौथ्या महिन्यात दुखणं परतलं, मी रोज गोळ्या खायला लागले, मग त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागलं. ते सोडवायला वेगळे दोन महिने. पैसे बुडाले ते बुडालेच.

म्हणून चिठ्ठीवर 'क्रॉनिक मायग्रेन' (म्हणजे जुनाट अर्धशिशी), युनिट आणि आधी न लागू पडलेली औषधं लिहून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखण्याचे दिवस लाल पेनाने गोल करा, गोळी घेतली त्या दिवशी फुली. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्याला 15 किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले निदान 8 मायग्रेनचे, असा निकष आहे. तोंडी कोणी मानत नाही. भरती न होता केलेले उपचार पॉलिसीत बसतात का, तेही आधी ईमेलवर विचारा. फोनवरचं 'हो मॅडम' काही कामाचं नाही.

स्वस्त पडतं म्हणून स्किन क्लिनिकमध्ये जाऊ नका, न्यूरॉलॉजिस्टच गाठा (माझं मत, राग नसावा). एका डोसवर निकालही लावू नका; मला खरा फरक दुसऱ्यानंतर कळला. दिवस गेले असतील किंवा स्नायूंचा काही आजार असेल तर आधीच सांगा.

आणि हो, डोस घ्यायला जाताना स्कूटी घरी ठेवा. माझी मान आठवडाभर अशी धरली होती की नागपुरातल्या धंतोलीच्या त्या गर्दीत मागे वळून बघता येईना. ऑटोनेच या.