राग आवरायला शिकवायचा पगार कोण देणार?

प्रश्न : मी रत्नागिरीत मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात हर्णैला आमच्या वाडीतल्या मुलांचा सुट्टीचा वर्ग घेतला. राग, भांडण, मैत्री कशी सांभाळायची हे मुलांना शिकवावं, यातच करिअर करावं असं वाटतं. आई म्हणते, हे घरातच शिकतात, याचा पगार कोण देणार?

उत्तर : आईचा पगाराचा प्रश्न रास्त आहे, पण आधी तुझ्या वर्गाबद्दल. तू पत्रात लिहिलेला, वारा सुटला की शेजारच्याला चिमटे काढणारा तो मुलगा. तू ओरडली नाहीस. ‘राग किती, बोटं दाखव’ म्हणालीस. त्याने पाचही दाखवली आणि मग हळूच म्हणाला, बाबांची होडी अजून आली नाही. (आली ना? ते लिहायचं राहिलंय.) हे तुला छान जमलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून आपापलं दुःख सांगायला लावलंस, ते चुकलं. दोन मुली रडत घरी गेल्या, तूच लिहिलंयस. आणि वाडीत कुणाचा बाप पितो ही बातमी संध्याकाळपर्यंत जेटीवर पोचते. मुलांचं दुःख विचारू नकोस, गोष्टीतल्या बाळूचं विचार. त्याला बॅटिंग मिळाली नाही, आता तो काय करील? मुलांकडून तीन-चार उत्तरं काढ, ती करून बघायला लाव, आठवड्याने पुन्हा तेच. पाढ्यांसारखंच, सरावाने येतं.

आता पगार. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यं मांडली (भावना सांभाळणं त्यातलंच एक), दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली आनंदाचा तास सुरू झाला, २०२०च्या शैक्षणिक धोरणातही हा विषय आहे. सीबीएसई शाळांना समुपदेशक लागतो. आपल्याकडे मात्र बहुतेक शाळा जिल्हा परिषदेच्या नाहीतर राज्य मंडळाच्या, तिथे असं वेगळं पद क्वचितच. म्हणून माझं मत : आधी बी.एड. कर, दोन वर्षं वर्गावर उभी राहा. मग एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा किंवा मानसशास्त्रात एम.ए. दोन दिवसांत ‘लाइफ स्किल्स ट्रेनर’ करणाऱ्या प्रमाणपत्रावर पैसे घालवू नकोस.

एखादं मूल घरातल्या मारहाणीबद्दल बोललं, तर ते तू एकटीने निस्तरायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर जवळ ठेव.

दिवाळीच्या सुट्टीत वर्ग पुन्हा घे. तेव्हा होड्या समुद्रातच असतील.