पॅनिक अटॅकसाठी थेरपी घ्यावी, की प्राणायामाने भागतं?

"घरचे म्हणतात प्राणायाम कर, थेरपी म्हणजे पैशाचा चुराडा" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि आमचे थोरले दीर आठवले. म्हणून लिहायला बसले.

मला पहिला पॅनिक अटॅक पुण्यात लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात आला, ऐन दिवाळीच्या गर्दीत. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, ओठ बधिर आणि आता आपण इथेच जाणार याची पक्की खात्री. रिक्षाने थेट हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, पुढे थायरॉइडही नॉर्मल. कॅज्युअल्टीतले डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." हे सांगायला एमबीबीएस कशाला व्हावं लागतं?

दीर रोज पहाटे तळजाई टेकडीवर. त्यांनी निदान केलं, "मन कमकुवत आहे, कपालभाती सुरू कर." केली. अटॅकची चाहूल लागली की जोरजोरात श्वास, आणि मुंग्या दुप्पट! थेरपिस्टबाईंनी नंतर कारण सांगितलं. घाबरल्यावर आपण आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून चक्कर आणि मुंग्या. त्यात आणखी भराभर श्वास म्हणजे आगीत तेल. हे दिरांना सांगितलं तर म्हणे, हजारो वर्षांची परंपरा खोटी का? खोटी नाही हो भाऊजी, पण अटॅकच्या मधोमध कपालभाती करायला कुठल्या परंपरेने सांगितलंय?

तर थेरपी. सीबीटी म्हणतात ती, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वागण्याची सवय बदलायची. आधी सगळं समजावलं: अटॅक बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि आपोआप उतरतो, धडधडीपेक्षा "हा हार्ट अटॅकच" हा आपण लावलेला अर्थ भीती वाढवतो. मग बाईंनी मला चक्क खुर्चीत गरागरा फिरवलं, जागच्या जागी पळवलं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. तीच लक्षणं मुद्दाम आणायची आणि काही होत नाही हे स्वतः बघायचं. मग आधाराच्या कुबड्या काढून घेतल्या: पर्समधली पाण्याची बाटली, दाराजवळची सीट, नवऱ्याला फोन. होमवर्क काय, तर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो, एकटीने, गर्दीच्या वेळी. कसबा पेठ गेलं तेव्हा घाम फुटला होता. मंडईला उतरावंसं वाटलं, उतरले नाही. स्वारगेटला जिने चढताना पाय थरथरत होते, पण अटॅक येऊन गेलेला होता आणि मी उभी होते. दीर म्हणाले, "मेट्रोत फिरायला फी देतेस?" हो, देते. माझ्या भिशीच्या पैशातून देते.

किती सेशन लागतील, हाही तुमचा प्रश्न होता. साधारण 10 ते 15 धरून चाला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, लाजू नका. पहिल्याच भेटीत विचारा, लक्षणं मुद्दाम आणून सराव करून घेता का? नुसतं "लहानपण कसं होतं" चाललं असेल तर पॅनिकसाठी तिथे वेळ घालवू नका. पैशांची अडचण असेल तर ससून या सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आहे. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

घरच्यांना पटवण्यात शक्ती घालवू नका. आमचे दीर बीपीची गोळी एक दिवस चुकवत नाहीत, तिथे त्यांना मन खंबीर करावंसं वाटत नाही. मी बरी झाल्यावर हेच दीर तळजाईच्या ग्रुपमध्ये "आमच्या वहिनींना कपालभातीने गुण आला" असंही सांगून आले. मी ते भर लग्नात, पंगतीत खोडून काढलं.

हां, हे आधीच लिहायला हवं होतं: हृदयाची तपासणी पहिली, थेरपी नंतर. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर स्ट्रॉचे, पळण्याचे प्रयोग घरी करून बघू नका. काहींना औषधही लागतं, त्यात कमीपणा नाही. मात्र रोजच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. आणि चालू गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, तुमच्याकडचे भाऊजी काहीही म्हणोत.