आजीच्या मिक्सरला कळतं का?

ठमे,

खंडेनवमीला तू व्हिडिओ कॉलवर घसा ताणून विचारत होतीस, "आजी, मिक्सरला खरंच कळतं का?" आणि आजी दर वेळी सांगत होती, "हो हो, जेवले." तिचं कानातलं यंत्रही पूजेला बसलं होतं. मिक्सर आणि वायफायची डबी यांच्या मधोमध, वर झेंडूची पाकळी. पूजेला बसलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही हा आजीचा नियम, त्यामुळे त्या दिवशी तिच्यापर्यंत कुणाचाच प्रश्न पोचला नाही. बाबांनी "आईला विचार" म्हणून अंग काढून घेतलं. म्हणून हे पत्र.

तुझा दुसरा प्रश्न खरं तर वर्गातल्या मैत्रिणीचा. तिने फोटो दाखवला: राफाल विमानाच्या चाकाखाली लिंबं. "तुमच्याकडे लढाऊ विमानालाही लिंबू लागतं?" तू काही न बोलता घरी आलीस आणि दप्तर आपटलंस. आधी त्याचंच बघू, ते सोपं आहे.

फोटो खरा आहे. ८ ऑक्टोबर २०१९, त्या वर्षीचा दसरा. इथे फ्रान्समध्येच, आपल्या तुलूजपासून गाडीने अडीच तासांवर, बोर्डोला लागून असलेल्या मेरिन्याकमध्ये पहिलं राफाल भारताच्या ताब्यात आलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी विमानावर बोटाने ॐ काढला, फुलं आणि नारळ ठेवला, चाकांखाली लिंबं ठेवली. विमानाच्या शेपटीवर 'आरबी ००१' होतं. ती अक्षरं राकेश भदौरियांच्या नावावरून, जे तेव्हा नुकतेच हवाई दलप्रमुख झाले होते. म्हणजे विमानाचं बारसं आणि मुंज एकदमच उरकली. पुढे कितीतरी दिवस आमच्या व्हॉट्सअॅपवर लिंबांशिवाय काही येत नव्हतं.

लिंबू मलाही पटत नाही, हे आधीच सांगते. पण लिंबाचं खातं वेगळं आणि आजीच्या मिक्सरचं वेगळं. नवी स्कूटर दुकानातून निघते तेव्हा तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि ते चिरडत गाडी बाहेर काढतात. दृष्ट लागू नये म्हणून. लिंबू भीतीपोटी येतं. खंडेनवमीला घाबरायचं काहीच नसतं, उलट जुन्यातल्या जुन्या, रोज हाताखालच्या वस्तूंचा तो दिवस. त्या विमानाच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलं, कारण विमान नवं होतं आणि दिवस दसऱ्याचा.

मैत्रिणीला तू परत विचारू शकली असतीस, जहाज पाण्यात सोडताना त्याच्या नाकाडावर शॅम्पेनची बाटली का फोडतात गं? जहाजाला धर्ममाता कशाला लागते? २०१३ साली पॅरिसच्या नोत्र दाममध्ये नऊ नव्या घंटा आल्या, त्यांना रीतसर आशीर्वाद देण्यात आला आणि प्रत्येकीला नाव होतं. मारी, गाब्रिएल, मॉरिस, मार्सेल. मॉरिस नावाची घंटा ज्यांना चालते त्यांनी कुंकू लावलेल्या मिक्सरला हसू नये.

आणि आपल्या गावाची तर बातच सोड. मोंतोद्राँच्या जुन्या धावपट्टीवर तो अर्धा बैल, अर्धा माणूस असा यांत्रिक मिनोटॉर राहतो, ज्याच्या पाठीवर बसायला तू वाढदिवसाला हट्ट केला होतास. १४ मीटर उंच, ४७ टन लाकूड आणि लोखंड, नाकपुड्यांतून वाफ. आत माणसं बसून तरफा ओढतात हे उघड दिसतं, तरी त्याने मान वळवली की सगळे हात हलवतात. २०१८ च्या नोव्हेंबरात तो पहिल्यांदा शहरात फिरला तेव्हा रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मग २०२४ च्या ऑक्टोबरात तो बनवणाऱ्याच मंडळींनी रस्त्यावरच्या नव्या खेळात लिलिथ नावाची अर्धी बाई, अर्धी विंचू आणली. त्या खेळातल्या सैतानी चिन्हांचा इथल्या आर्चबिशपांना इतका घोर लागला की त्यांनी सगळं शहर येशूच्या पवित्र हृदयाला अर्पण करून टाकलं. ठमे, लिंबू स्वस्त पडलं असतं.

आता मिक्सर.

आजीला वाटतं का की मिक्सरला कळतं? छे! मिक्सरच्या आत काय असतं हे आपल्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. कार्बन ब्रश झिजला की मोटरचा आवाज कसा बदलतो, कपलर गेला की वास कसा येतो, सगळं तिला पाठ. तू पूजा पाहिलीस, पण पूजेआधीचे दोन तास पाहिले नाहीस. मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून धुतलं जातं, पात्याखाली अडकलेली वर्षभराची चटणी दातकोरणीने निघते, वायर पुसली जाते. शिलाई मशीनचं शटल उघडून आतला दोऱ्यांचा केरकचरा काढायचा, प्रत्येक भोकात तेलाचा थेंब सोडायचा. वायफायच्या डबीची जाळी जुन्या टूथब्रशने घासायची. हळदकुंकू, फूल, उदबत्ती हे शेवटी पाच मिनिटांत होतं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर तो याच कामाचे पैसे घेईल आणि झेंडू वाहणार नाही.

गोष्ट म्हणून सांगायची तर पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली आणि वर्ष संपल्यावर ती परत काढली, म्हणून शस्त्रपूजा. आपल्या घरात शस्त्र म्हणावं असं विळीपलीकडे काही नव्हतं. पण आजोबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आणि तिथली खंडेनवमी मी लहानपणी पाहिली आहे. बसच्या तोंडाला झेंडूची तोरणं, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. खाली धुतलेल्या पोत्यावर ओळीने नट आवळायचे पाने, हातोडे, जॅक, ग्रीसची पिचकारी. गाड्या त्या दिवशीही धावायच्या, प्रवासी थोडेच थांबणार! हत्यारं मात्र बसून.

एका वर्षी संध्याकाळी गेटसमोरच एक टेम्पो बंद पडला, मागे दसऱ्याच्या बाजारासाठी निघालेला झेंडू. ड्रायव्हर रडकुंडीला आलेला, उद्या सकाळनंतर त्या मालाला कोण विचारणार! आजोबांनी एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा टेम्पोकडे. मग वाकून पान्याला म्हणाले, "जरा उठा महाराज, तातडीचं आहे." काम झाल्यावर पाना पुसून, पुन्हा कुंकू लावून जागेवर ठेवला. ड्रायव्हरने घरच्यासाठी टोपलीभर फुलं दिली. आता त्यांना वाटत होतं का की पान्याला कळतं? मी विचारलं होतं. "पान्याला नाही कळत," ते म्हणाले, "मला कळतं ना."

यंत्रांच्या बाबतीत त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० रोजी, आणि दर वर्षी १ जूनला नेहमीचे प्रवासी पुणे स्टेशनवर तिच्यासाठी केक कापतात. पेपरात फोटो येतो. एसटीची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली तीही १ जूनलाच, १९४८ साली. तो फोटो पाहून आजोबा दर वर्षी पेपर घडी घालून ठेवत आणि म्हणत, "वाढदिवस एकच, पण केक राणीला."

त्यांचे वडील शेतकरी. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, बैल होते, आणि बैलाला कळतं यात कुणालाच शंका नव्हती. आमच्या सातारा भागात आषाढात बेंदूर असतो, बाकी बऱ्याच महाराष्ट्रात श्रावणाच्या अमावास्येला पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे जू घासून कडक झालेले खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्याच्या कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्याला जुंपायचं नाही, चाबूक उगारायचा नाही, पुरणपोळी आधी त्याला. मला वाटतं खंडेनवमीच्या दिवशी हत्याराला हात न लावण्यामागे हाच हिशेब असावा. ज्याच्याकडून वर्षभर काम घेतलं त्याला एक दिवस मोकळा.

स्वयंपाकघरातही हे मिक्सरपासून सुरू झालेलं नाही. त्याच्या आधी पाटा-वरवंटा होता आणि त्याचा मान मिक्सरपेक्षा मोठा. बारशाला वरवंट्याला अंघोळ घालतात, टोपडं घालतात आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बायका पाळण्याखालून-वरून तो एकमेकींकडे देतात. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. तुझ्या बारशाला तुलूजमध्ये वरवंटा कुठून आणणार? मग शेजारच्या मादामकडून तिचा लसूण कुटायचा संगमरवरी बत्ता आणला, त्याला तुझंच टोपडं घातलं. तिला काय चाललंय हे कळेना, पण पाळण्याखालून बत्ता घेताना तिने दोन्ही हात पुढे केले होते. फोटो आहे, तुझ्या मैत्रिणीला दाखव.

साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरी परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेना, म्हणून त्यांनी स्वतः दणकट मोटरचा बनवला. तोच सुमीत. आजीने भिशीच्या पैशांतून तो घेतला तेव्हा गल्लीतल्या बायका ओली चटणी होताना बघायला आल्या होत्या.

आणि इथे एक गोष्ट आहे, जी आजी तुला कधी सांगणार नाही. नवी सून असताना तिला या सुट्टीचा फार राग यायचा. बैलाला सुट्टी, पान्याला सुट्टी, शिलाई मशीनला सुट्टी. मिक्सर आल्यावर त्यालाही सुट्टी, म्हणजे त्या दिवशी वाटण पाट्यावर. यंत्र आराम करणार आणि बाई दुप्पट राबणार! तिने भांडण केलं नाही. पुढच्या खंडेनवमीला तिने मिक्सरशेजारी पाटा-वरवंटाही पूजेला मांडला. पणजीबाई काही बोलू शकल्या नाहीत, पाट्याची पूजा कशी अडवणार? त्याच्या पुढच्या वर्षी खलबत्ता, विळी, किसणी. मग एका वर्षी सकाळचा नैवेद्य उरकल्यावर गॅसच्या शेगडीला हळदकुंकू लागलं आणि संध्याकाळी आजोबा कोपऱ्यावरून बटाटेवडे घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडे खंडेनवमीला संध्याकाळी बटाटेवडे असतात. तुला ती परंपरा वाटली होती ना? तो संप होता. इतक्या शांतपणे, फुलं वाहून केलेला संप मी तरी दुसरा पाहिला नाही.

राहता राहिला आपला फिरता झाडू, आपोआप केर काढणारा तो रोबो. आजी विचारत होती, त्याला हळदकुंकू लावलं का. तिच्या मते त्याचा मान खंडेनवमीला नाही, लक्ष्मीपूजनाला, कारण आपल्याकडे त्या संध्याकाळी नव्या केरसुणीला लक्ष्मी म्हणून पुजतात. म्हणजे तिने त्याचं खातंही ठरवलं आहे. तू हसलीस. पण त्याच्यावर डोळे कुणी चिकटवले? त्याला बंडू कोण म्हणतं? तो सोफ्याखाली अडकून टूं टूं करायला लागला की "आलेऽऽ" म्हणत कोण धावतं? जपानमध्ये आयबो नावाचे यांत्रिक कुत्रे होते. कंपनीने त्यांची दुरुस्ती बंद केली, तेव्हा चिबा प्रांतात इसुमी इथल्या एका देवळात त्यांचे अंत्यविधी सुरू झाले. २०१८ च्या एप्रिलमध्ये एकाच वेळी ११४ कुत्र्यांसाठी मंत्र म्हटले गेले. त्यांचे सुटे भाग मग दुसऱ्या आजारी आयबोंना बसवतात. ती बातमी मी तुला दाखवली तेव्हा तू हसली नव्हतीस, बंडूला उचलून चार्जरवर ठेवून आली होतीस.

तेव्हा पुढच्या वर्षी इथे खंडेनवमी करायची असेल तर कर, माझी ना नाही. सायकलची चेन आधी साफ कर, नंतर फूल. लॅपटॉपला गंध झाकणावर लावायचं, कीबोर्डवर नाही. आपट्याची पानं तुलूजमध्ये मिळत नाहीत, त्याचं काय करायचं ते दसऱ्याला बघू. मैत्रिणीला बोलाव, तिची स्केटिंगची बुटं घेऊन यायला सांग. डिशवॉशर पूजेला बसवणार असशील तर त्या रात्रीची भांडी कोण घासणार हे बाबांशी आधी बोलून घे. आणि माझ्या दोन्ही हातांनाही त्या दिवशी हळदकुंकू लागणार आहे, तर बटाटेवडे कुठे मिळतात तेही त्यांनाच विचार.

तुझी,
आई