शेगडी नंतर, मोरी आधी

प्रश्न: टू-बीएचकेचं किचन तोडून नवीन करायचंय. कंत्राटदार महिना म्हणतो. घरात चौघं, त्यात सासूबाई. तोवर स्वयंपाक कुठे आणि कसा करायचा?

महिना म्हणतोय ना, मग दीड धरा. आमच्याकडे तीन आठवड्यांचे सहा झाले, कारण ओट्याचा ग्रॅनाइट आला तोच सिंकच्या जागी चुकीचा कापलेला.

सगळे आधी शेगडीची जागा शोधतात. आम्हीही तेच केलं. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर इंडक्शन, झालं किचन! पहिल्या रात्री चार ताटं, कुकर आणि कढई घेऊन बाथरूममध्ये उकिडवी बसले, तेव्हा डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी न्हाणीत, म्हणजे पाणी जायच्या भोकात, भाताची शितं अडकून घोट्यापर्यंत पाणी. भांडी-कपडे धुवायची ड्राय बाल्कनी होती, पण तिचं दार किचनमधूनच, म्हणजे तीही गेली.

तेव्हा भांडी कुठे घासणार ते आधी ठरवा. आमच्या कामवाल्या मावशींनी तर साफ सांगितलं, खाली बसून घासणार नाही, गुडघे दुखतात. तोडगाही त्यांनीच काढला: प्लॅस्टिकच्या दोन स्टुलांवर दोन टब, एकात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं. न्हाणीवर बारीक जाळी, आणि ताट टबात जाण्याआधी रद्दी पेपरने पुसून घ्यायचं. नंतर एकदाही तुंबलं नाही.

आता वीज. इंडक्शन २००० वॅटचं असेल तर साधारण ९ अँपिअर ओढतं. मोबाइल चार्जरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, त्यावर किंवा साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावू नका. एसी किंवा वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट जिथे असेल, तिथेच टेबल मांडा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही; तळाला लोहचुंबक चिकटतं का ते बघा.

सिलिंडरच हवा असेल तर तो उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच, आणि खोली हवेशीर. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून बंद बाल्कनी किंवा बेडरूम नकोच. पाइपचा गॅस असेल तर लाइन गॅस कंपनीच्या माणसाकडूनच काढून घ्या. ‘मी करतो ना ताई’ म्हणणारा प्लंबर भेटेलच, त्याला हात लावू देऊ नका.

सासूबाईंना भाकरी लागत असेल तर आधीच बोलून ठेवा. आमच्या इंडक्शनवर तवा मधेच तापायचा, कडा कच्च्या राहायच्या, आणि फुगवायला आच नाही. दोन दिवस चिडचिड करून शेवटी पोळी-भाजी केंद्राला शरण गेलो. वरण-भात, खिचडी, उसळ घरी, बाकी बाहेरून. त्यात कमीपणा काही नाही.

धूळ मात्र कुणी सांगत नाही तेवढी असते. ज्या दिवशी टाइल कापणार त्या दिवशी स्वयंपाक करूच नका. किचनच्या दाराला प्लॅस्टिक लावूनही आमच्या मिठात कचकच आली. डबे बेडरूमच्या कपाटात ठेवा, बाहेर फक्त मिसळणाचा डबा, एक कुकर, एक कढई, दोन पातेली. बाकीचं खोक्यात भरा आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहा. आम्ही नुसतं ‘किचन’ लिहिलं होतं, अकरा खोक्यांवर. किसणी अजून सापडलेली नाही.