उसाचं पातं लागलं, लेन्स धुतली, चुना उडाला : कॉर्नियाबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी बुबुळाचे, म्हणजे कॉर्नियाचे प्रश्न खूप आलेत. सगळे घेता येणार नाहीत. पहिल्याला मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण तोडणीच्या हंगामात हा प्रकार घरोघरी होतो आणि वेळेत कळलं तर डोळा वाचतो.

प्रश्न : डॉक्टर, आमचे अण्णा ५८ वर्षांचे आहेत. ऊस तोडताना पातं डोळ्याला घासलं, डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले, दोन दिवस बरं वाटलं, लाली पण गेली, पण नंतर बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला आणि ठणका सुरू झाला. मिरजेला दाखवलं तर अल्सर आहे म्हणाले आणि जखमेवरच खरवडून काहीतरी तपासायला काढलं. आई घाबरलीय, आधीच जखम आणि त्यात अजून उकरायचं कशाला म्हणते. ड्रॉप दर तासाला सांगितलेत, रात्रीसुद्धा. एवढं खरंच लागतं का? (वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर : लागतं. आणि आईंना सांगा, खरवडून तपासलं हे फार चांगलं झालं, बऱ्याच पेशंटच्या बाबतीत नेमकं तेच राहून जातं.

घड्याळावर काच असते तसा कॉर्निया डोळ्याच्या पुढे असतो, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणून तो स्वच्छ आरपार राहतो, पण त्याचमुळे एकदा जंतू आत शिरले की शरीराची कुमक तिथं पोचायला वेळ लागतो. वरचा पातळ थर शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत वाट मिळत नाही. उसाच्या पात्याची करवती कड नेमका तोच थर कापते आणि पात्यावरची, मातीतली बुरशी आत सोडते. शेतात डोळ्याला मार लागून झालेल्या अल्सरमध्ये आपल्याकडे बुरशी खूप सापडते, फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस ही त्यातली नेहमीची नावं.

आता बुरशी आहे की बॅक्टेरिया हे वरवर बघून खात्रीने सांगता येत नाही. कडा पिंजलेल्या असतील, मुख्य डागाच्या बाजूला अजून छोटे ठिपके असतील तर बुरशीचा संशय येतो, पण नुसत्या संशयावर महिना-दीड महिना औषध कसं चालवायचं? म्हणून डोळा बधिर करणारा ड्रॉप घालतात, पेशंटला स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर, बसवतात आणि बारीक ब्लेडने अल्सरच्या तळातून आणि कडेवरून थोडासा भाग काढून काचपट्टीवर घेतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, लॅबमध्ये केओएच म्हणतात तो, की बुरशीचे तंतू असतील तर मायक्रोस्कोपखाली काही मिनिटांत दिसतात, फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये आडवे पडदे असलेले. दुसरी पट्टी ग्रॅम स्टेनसाठी, बॅक्टेरिया बघायला. उरलेलं कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला जातं, त्याचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, बुरशीला तर आठवडा किंवा जास्तही. आणि खरवडल्याचा अजून एक फायदा म्हणजे वरचा खराब थर निघाल्यामुळे औषध आत उतरतं.

बुरशी निघाली असेल तर बहुतेक नॅटामायसिन ५ टक्के दिलेलं असेल. ते दुधट असतं आणि औषध तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवायची, नाहीतर डोळ्यात नुसतं वरचं पाणी जातं. घातल्यावर पापणीला पांढरा साका चिकटतो, तो पू नव्हे, औषधच आहे, घाबरून चोळून पुसू नका. ते कॉर्नियात खोल जात नाही, म्हणून तर तासातासाला घालायचं. रात्रीचे डोस घरातल्यांनी वाटून घ्या, एकट्या आईंवर टाकू नका. महागडं औषध दिलं नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तामिळनाडूच्या अरविंद नेत्र रुग्णालयात नॅटामायसिन आणि व्होरिकोनाझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या ड्रॉपची समोरासमोर तुलना झाली, २०१३ साली निकाल आले, आणि नॅटामायसिनच सरस ठरलं, फ्युजेरियममध्ये तर स्पष्टच.

बरं व्हायला तीन-चार आठवडे तर धराच, खोल असेल तर जास्त. ठणका कमी होणं, डागाच्या कडा बोथट होणं ही चांगली लक्षणं. बरं झालं तरी वण राहतो, आपण त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतो, ते मधोमध असलं तर नजर कमी होते आणि त्यासाठी पुढे डोळा शांत झाल्यावर प्रत्यारोपणाचा विचार होतो. औषधाने आटोक्यात आलं नाही किंवा बुबुळ फुटायला आलं तर मात्र नजरेसाठी नाही, डोळा वाचवण्यासाठी प्रत्यारोपण तातडीने करावं लागतं.

आणि ती मेडिकलमधून आणलेली बाटली. अजून घरात असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर तो स्टेरॉइड आहे, बऱ्याचदा अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतो म्हणून लक्षात येत नाही. त्याने सूज दबते, लाली जाते, दोन दिवस खरंच बरं वाटतं आणि तेवढ्यात आत बुरशीला मोकळं रान मिळतं. लाल डोळा म्हटलं की चिठ्ठी न बघता ही बाटली काउंटरवरून सरकवतात याचा मला मनापासून राग येतो. बाटली फेकू मात्र नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा, काय घातलं गेलंय हे त्यांना कळायलाच हवं.

तुमच्या टोळीतल्या, गावातल्या लोकांना एक सांगाल का? पातं, कुसळ, फांदी लागली की पदराच्या टोकाने उकरायचं नाही, अंगावरचं दूध, मध, पाल्याचा रस काही घालायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. नेपाळच्या भक्तपूरमध्ये गावातल्या स्वयंसेवकांनी डोळा खरचटलेल्या लोकांना साधं १ टक्के क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि मार लागल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम सुरू झालं त्यातल्या एकालाही अल्सर झाला नाही. इतकं साधं, इतकं स्वस्त, फक्त वेळेत.

प्रश्न : मी पुण्यात होस्टेलला असते, कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. सोल्युशन संपलं तर कधीकधी लेन्सची केस (डबी) नळाच्या पाण्याने धुते. महिन्यापासून उजवा डोळा लाल आहे आणि इतका दुखतो की झोप लागत नाही. हर्पीस आहे म्हणून औषध चालू आहे पण उतार नाही.

उत्तर : हर्पीस, म्हणजे विषाणूचं इन्फेक्शन, असूही शकतो, त्यात फ्लुरोसीनचा रंग घातल्यावर फांद्या फुटलेला डाग दिसतो. पण ॲकॅन्थअमिबा नावाचा एक सूक्ष्म जीव आहे, तो नळाच्या, टाकीच्या पाण्यात असतो, लेन्सला चिकटून डोळ्यात जातो आणि सुरुवातीला हर्पीससारखाच दिसतो. डोळ्यात दिसतं त्या मानाने दुखणं फारच जास्त, आणि लेन्सची सवय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तो शोधलाच पाहिजे. कॉर्निया स्पेशालिस्टकडे जा आणि नळाच्या पाण्याचं सगळं सांग, लाजू नकोस. लेन्स आजपासून बंद, पण लेन्स आणि केस टाकून देऊ नकोस, केस आहे तशी, न धुता, पिशवीत घालून घेऊन जा, तिच्यातलं पाणीही लॅबला तपासता येतं. त्यावर पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकांचे ड्रॉप लागतात आणि ते महिनोन्‌महिने चालतात, मधेच सोडायचे नाहीत.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा. दर सहा महिन्यांनी सिलिंडरचा नंबर वाढतो, चष्मा बदलूनही नीट दिसत नाही म्हणतो. लहानपणापासून डोळे चोळायची सवय आहे. पुढे लेसिक करून टाकू का? (नाशिक)

उत्तर : लेसिकचा, म्हणजे नंबर घालवायच्या लेझर ऑपरेशनचा विषय सध्या बाजूला ठेवा आणि आधी कॉर्नियल टोपोग्राफी करून घ्या. डोळ्याला हात न लावता कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा आणि जाडीचा रंगीत नकाशा निघतो. हे केराटोकोनस असण्याची दाट शक्यता वाटते, म्हणजे कॉर्निया पातळ होत होत पुढे टोकदार येतो. त्यात लेसिक केलं तर आधीच पातळ कॉर्निया अजून पातळ होईल.

आजार वाढतोय असं दिसलं तर कोलॅजन क्रॉस-लिंकिंग करतात, रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ व्हिटॅमिनचे थेंब टाकून ठरावीक अतिनील किरण सोडतात, मूळ पद्धतीत अर्धा तास. त्याने कॉर्निया घट्ट होतो आणि वाढ बहुतेकांची थांबते. गेलेला आकार पूर्ण परत येत नाही, म्हणून वाट बघण्यात तोटाच आहे, या वयात तो झपाट्याने वाढतो. स्पष्ट दिसायला नंतर आरजीपी किंवा स्क्लेरल या खास कडक कॉन्टॅक्ट लेन्स देतात. चोळणं थांबलंच पाहिजे, त्यासाठी ॲलर्जीवर नीट उपचार करा, पण खाज आली की स्वतःच्या मनाने ड्रॉप नाही, त्यातही स्टेरॉइड निघतो आणि वर्षानुवर्षं घातला तर काचबिंदू होतो.

प्रश्न : शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात आजोबांच्या चुन्याची ट्यूब दाबताना चुना उडाला. घरच्यांनी तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आधी काय करायला हवं होतं? (लातूर)

उत्तर : पाणी. दवाखाना नंतर. चुना अल्कली आहे, तो डोळ्यात आत आत उतरत जातो आणि वाटेतली दहा मिनिटंसुद्धा महाग पडतात. मूल रडलं, हातपाय झाडले तरी दोघांनी धरून पापण्या उघड्या ठेवायच्या आणि नळ, तांब्या, पिण्याची बाटली, जे हाताशी असेल त्याने निदान अर्धा तास धार सोडायची, मगच निघायचं. तिथं डॉक्टर पापणी उलटी करून मागे अडकलेले कण काढतात, कारण एक कण राहिला तरी भाजणं चालूच राहतं. बुबुळाच्या कडेला कॉर्नियाचा वरचा थर बनवणाऱ्या मूळ पेशी असतात, त्या जळल्या तर पुढे दुसऱ्या डोळ्यातून थोड्या पेशी घेऊन लावाव्या लागतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेतल्या डॉक्टरांनी याची एक सुटसुटीत पद्धत २०१२ मध्ये मांडली. जगातलं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ ला एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी केलं, तो पेशंटसुद्धा चुन्यानेच डोळे भाजलेला मजूर होता. आजोबांना सांगा, ट्यूब मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

प्रश्न : आईची नेत्रदानाची इच्छा आहे. वय ८१, शुगर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फॉर्म भरलेला नाही. चालेल का? (बार्शी)

उत्तर : चालेल. वय, चष्मा, शुगर, बीपी, मोतीबिंदूचं ऑपरेशन यातलं काही आड येत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, रेबीज, सेप्टिसिमिया (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन) असेल तर नाही घेत. फॉर्म नसला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते, म्हणून आईंची इच्छा भावंडांना आत्ताच सांगून ठेवा, त्या वेळी वाद नको. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कॉर्निया काढावा लागतो, तोवर पंखा बंद करायचा, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. १९१९ वर फोन केला की नेत्रपेढीची माहिती मिळते, टीम घरी येते, अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. नंतर कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजून कोणाला लावायचा ते ठरवतात. आता पूर्ण जाडी न बदलता फक्त खराब झालेला थरही बदलतात, त्यामुळे एकच कॉर्निया कधी दोघांच्या कामी येतो.

प्रश्न : माझं कॉर्निया प्रत्यारोपण तीन वर्षांपूर्वी झालं. दोन दिवस डोळा थोडा लाल आहे, उजेड सोसत नाही, अंधुक दिसतंय. अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, थांबू का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही, आजच जा. लाली, उजेडाचा त्रास, अंधुक दिसणं, दुखणं यातलं एकही आलं तरी शरीर कॉर्निया नाकारतंय असं समजून तपासायचं, अगदी वर्षांनंतरसुद्धा. लवकर पकडलं तर बहुतेक वेळा तो वाचतो, आणि गंमत नाही, इथं वाचवणारं औषध म्हणजे तोच स्टेरॉइड ड्रॉप, प्रेडनिसोलोन, तोही तासातासाला. पण इन्फेक्शन नाही ना हे स्लिट लॅम्पवर बघितल्याशिवाय तो वाढवायचा नसतो, त्यामुळे घरातली जुनी बाटली स्वतःहून सुरू करू नका. ऑपरेशनची फाइल आणि सध्या चालू असलेले सगळे ड्रॉप सोबत न्या, तुमचे डॉक्टर गावात नसतील तर जवळच्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा की या डोळ्यात कॉर्निया बसवलेला आहे.