थेंब पडतो तिथे भोक शोधू नका

पत्र्याचं छप्पर गळतंय ते तुमचं सगळं वाचलं. हॉलच्या मधोमध ठिबकतंय, बरोबर त्याच्यावर जाऊन दोनदा सिलिकॉन मारलं, एकदा एम-सील पण थापलं, तरी मोठा पाऊस आला की बादली ठेवावीच लागते, आणि आता फॅब्रिकेटर म्हणतोय अख्खा पत्राच बदला. थांबा जरा. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय ते. पत्रा कुजलेला नसेल तर बदलायची गरज बहुतेक वेळा नसते, आधी पाणी शिरतं कुठून ते तर बघू.

पाणी पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून उताराने खाली येतं, मग आडवा पाईप किंवा वासा (पत्रा ज्यावर बसवतात तो, म्हणजे पर्लिन) लागला की त्याच्या कडेने सरकतं आणि जिथे वेल्डिंगची गाठ, स्क्रूचं टोक असं काही अडलं तिथे टपकतं. खाली फॉल्स सीलिंग असेल तर विचारूच नका, पाणी त्याच्यावर फिरून भलत्याच कोपऱ्यात उतरतं. म्हणून थेंबाच्या जागेपासून आढ्याच्या दिशेने वर वर बघत जायचं, खाली नाही.

माझ्या स्वयंपाकघरात दोन पावसाळे हाच खेळ चालला होता. शेवटी भर पावसात शिडीवर चढून टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं, पर्लिनच्या खालच्या कडेला पाण्याची बारीक चमकती रेघ, आणि ती धरून मागे गेलो तर थेंबाच्या जागेपासून चांगली अडीच मीटर लांब एका स्क्रूचं टोक पर्लिनच्या बाजूला हवेत लोंबकळतंय, त्याच्या टोकावर थेंब जमतोय, फुगतोय, पाईपला टेकतोय. म्हणजे बसवणाऱ्याचा नेम चुकला, स्क्रू पर्लिनमध्ये गेलाच नाही, त्यामुळे वॉशर कधी आवळलाच गेला नव्हता. वरून बघितलं तर बाकीच्या स्क्रूसारखाच दिसायचा! तेव्हापासून मी आधी आतून बघतो. दिवसा दिवे बंद करून वर बघा, उजेडाचा ठिपका दिसला तर भोक सापडलंच, गंजाचे ओघळ आणि हवेतले स्क्रू पण दिसतील. सगळ्यांवर खडूने खूण करा आणि भिंतीपासून माप घेऊन ठेवा, वर गेल्यावर अंदाजाने जागा सापडत नाही.

गळतं कधी ते पण नीट आठवा. फक्त वाऱ्याच्या पावसात गळत असेल तर आढ्याची टोपी (आढ्यावर बसवलेला वाकवलेला पत्रा), बाजूचे जोड किंवा पत्रा भिंतीला मिळतो तिथली फ्लॅशिंगची पट्टी बघा. खूप वेळ धो धो पडल्यावरच गळत असेल तर पन्हळ पाल्याने तुंबून पाणी मागे चढतंय का बघा (हे झाडाखालच्या घरात फार होतं, आणि लोक उगाच पत्र्याला दोष देतात). पाऊस थांबल्यावर पण तासभर ठिबकत असेल तर पाणी बहुतेक दोन पत्र्यांच्या जोडात साठून बसलंय. आणि पाऊस नसताना थंडीच्या पहाटे एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी थेंब दिसले तर ती गळती नाहीच, आतली दमट हवा गार पत्र्याला लागून पाणी सुटतंय. त्याला इन्सुलेशन आणि हवा खेळती ठेवणं हाच उपाय, सिलिकॉनच्या दहा नळ्या रिकाम्या केल्या तरी काही होणार नाही.

आतून नाही कळलं तर कोरड्या दिवशी पाईपने पाणी सोडून बघा. एक जण वर, एक जण आत. सुरुवात खालून, वळचणीकडून. एका पट्ट्यावर दहा मिनिटं पाणी, आत काही नाही आलं तर थोडं वर. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळ्या जोडांवरून खाली जाणार आणि कुठून शिरलं ते कधीच कळणार नाही. प्रेशर मारू नका आणि धार खालून वर जोडात घुसवू नका, चांगला जोड पण गळेल.

बहुतेक वेळा गुन्हेगार स्क्रूच निघतो. त्याच्या डोक्याखाली रबराचा ईपीडीएम वॉशर असतो, तो उन्हाने वर्षानुवर्षं कडक होऊन चिरतो. शिवाय पत्रा तापला की लांबतो, निवला की आखडतो, लोखंडी पत्रा 6 मीटर लांब असेल आणि तापमानात 40 अंशांचा फरक पडला तर जवळजवळ 3 मिलिमीटर. रोज थोडं थोडं ओढून स्क्रूचं भोक लांबट होतं. अशा ठिकाणी जुना स्क्रू काढून एक साईज जाड स्क्रू नव्या वॉशरसकट मारायचा, 5.5 चा असेल तर 6.3 मिलिमीटरचा. सरळ उभा मारायचा, तिरका गेला तर वॉशर एका बाजूने उघडा राहतो. आणि जीव खाऊन आवळू नका, रबर वॉशरच्या धातूच्या टोपीच्या कडेने जरासं दिसलं की बास, चेपून बाहेर फाकलं तर ते लवकर फाटणार. स्क्रूच्या डोक्यावर नुसता सिलिकॉनचा गोळा ठेवणं म्हणजे एक-दोन उन्हाळ्यांची सोय.

आता जोड. इथे सगळे एकच चूक करतात आणि मी पण केलीय, वरच्या पत्र्याची जी खालची कड दिसते तिच्यावर सीलंटची रेघ ओढायची. वाऱ्याने किंवा दुसऱ्या कुठल्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडत असतं, ती वाट बुजवली की पाणी जोडात अडकतं, वर चढतं आणि घरात उतरतं, शिवाय पत्रा आतून गंजतो तो वेगळाच. माझी गळती त्या वर्षी कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती. बरोबर रीत म्हणजे जोडावरचे स्क्रू काढायचे, पत्रा हलका उचलायचा, आतली माती पुसायची, आणि दोन पत्र्यांच्या मधे, ओव्हरलॅपच्या वरच्या भागात ब्युटाईल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून परत आवळायचं. ओव्हरलॅप साधारण 150 मिलिमीटर तरी हवा, उतार कमी असेल तर जास्त.

सिलिकॉन वापरायचंच तर न्यूट्रल क्युअर (सुकताना आंबट वास न येणारं) घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पत्र्याच्या जस्ताचं कोटिंग खातं. आणि आधीचं सगळं खरवडून काढा, जुन्या सिलिकॉनवर काहीच धरत नाही, नवं सिलिकॉन पण नाही. एम-सील, सिमेंट ह्या कडक वस्तू, पत्रा हलतो त्या हलत नाहीत, कडेने सुटणारच. पत्र्यातून पाईप वर गेला असेल तर त्याला रबरी बूट (पाईपभोवती घट्ट बसणारी रबराची कॉलर) मिळतो तो बसवा, सिमेंटचा गोल करू नका.

गंजून छोटं भोक पडलं असेल तर तारेच्या ब्रशने घासा, झिंक प्रायमर लावा, त्याच धातूच्या पत्र्याचा तुकडा भोकाच्या चारी बाजूंना 5 सेंटिमीटर तरी जास्त असा कापा, खाली सीलंट पसरून बंद तोंडाच्या रिव्हेटने (पाणी आत न सोडणाऱ्या धातूच्या खिळीने) पक्का करा. बोटाने दाबल्यावर पत्रा जागोजागी दबत असेल तर मात्र फॅब्रिकेटरचं बरोबर आहे, तो पत्रा बदला, पण तोच, सगळे नाही.

वर चढताना ओल्या पत्र्यावर अजिबात नको. रबरी तळाचे बूट, कमरेला दोर, पाय स्क्रूच्या ओळीवर म्हणजे खाली पर्लिन असतो तिथे. उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर चुकूनही पाय देऊ नका, रंग उडाला की तो बाकीच्यांसारखाच दिसतो आणि माणसासकट खाली येतो. वीजेची तार जवळ असेल तर हे काम स्वतः करूच नका.

तुमचा पत्रा किती वर्षांचा आहे, उतार किती आणि खाली लाकडी वासे आहेत की लोखंडी पाईप ते लिहा, लाकडाचा स्क्रू वेगळा आणि लोखंडाचा वेगळा येतो. आणि जमलं तर ह्या पावसात टॉर्च घेऊन आतून एकदा बघाच.